तीनशे वीस की सहाशे चाळीस

आमच्या मिस्त्रींना दमलेले म्हणणं म्हणजे पाण्याला ओलं म्हणण्यासारखं आहे. सतरा वर्षं मी या फायर स्टेशनात बंब चालवते आणि सतरा वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. आगीवर जाताना ते दमलेले असतात, येताना दमलेले असतात, आणि दिवसभर घंटा वाजली नाही तर त्या न वाजण्यानेही दमतात. जांभई मात्र कधी देत नाहीत. त्यासाठी तोंड उघडावं लागतं, आणि कामाशिवाय तोंड उघडणं त्यांच्या स्वभावात नाही.

वय पंचावन्न, नोकरी एकतीस वर्षांची. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर "राहून गेलं" म्हणाले, कुणी छत्री आणायची राहून गेली म्हणावं तसं. घरी एक थोरले भाऊ, दादा. ते लेथवर काम करायचे, आईवडील गेल्यावर त्यांनीच यांना लहानाचं मोठं केलं. चार वर्षांपूर्वी त्या भावाची उजवी बाजू गेली. तेव्हापासून रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर, मिस्त्री त्यांना उचलून ठेवतात. दिवसा शेजारच्या काकू येऊन बसतात, चार घास भरवतात, पण उचलणं त्यांच्याने होत नाही. भावाचं वजन अठ्ठावन्न किलो. हे मला माहीत असायचं काही कारण नाही, पण मिस्त्रींना वस्तूंची वजनं पाठ असतात तशी माणसांचीही असतात. माझंही एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

माणूस सरळ आहे, हे सगळेच सांगतील. मी म्हणते, नको तितका सरळ आहे. स्टेशनामागे आमची क्वार्टर्स आहेत, तीन मजली, लिफ्ट नाही. अकरा वर्षांपूर्वी तळमजल्यावरची एक खोली रिकामी झाली. मागणारे नऊजण, म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी काढायला कोण, तर ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो, म्हणजे मिस्त्री. त्यांनी डब्यात हात घातला आणि निघाली त्यांचीच चिठ्ठी. टाळ्या वाजल्या. हे मात्र त्या कागदाकडे बघतच राहिले, मग म्हणाले, मीच काढायची आणि माझीच निघायची हे बरं दिसत नाही. चिठ्ठी परत डब्यात टाकली, डबा हलवला, दुसरी काढली. ती गाठ्याची निघाली. गाठ्या म्हणजे आमच्या तुकडीतला दोरांचा माणूस. त्याने मारलेली गाठ त्याच्याशिवाय कुणाला सुटत नाही. गाठ्या बायकामुलांसह तळमजल्यावर गेला आणि मिस्त्री भावाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहिले. आता चार वर्षं झाली, दवाखान्याच्या दोन खेपा सोडल्या तर भाऊ खाली अंगणात आलेले नाहीत. हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात गल्ल्या अरुंद आहेत. बंब मोठ्या रस्त्यावर उभा राहतो आणि तिथून पुढे पंप उचलून न्यावा लागतो. इंजिन आणि पंप एका चौकटीत बसवलेले असतात, चौकटीला चार मुठी, आणि चार माणसं: मिस्त्री, मी, गाठ्या आणि लांब्या. लांब्या आमच्यात सगळ्यांत तरुण, तिशीचा, आणि इतका उंच की पंप उचलला की त्याच्या कोपऱ्याकडून तेल आमच्याकडे वाहत येतं. जुना पंप दोन पिस्टनचा. कोरडा ब्याण्णव किलो, तेल आणि पेट्रोल भरून एकशे आठ. तो उचलून सहा जिने चढलं की तोंडून शब्द फुटत नाही. आग विझवायची ती त्यानंतर.

तुकडीत किती माणसं हवीत हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. ज्या पंपाचं इंजिन पाचशे सीसीपर्यंत, त्याला दोन माणसं. पाचशेच्या वर, चार. सीसी म्हणजे इंजिन दर खेपेला पोटात किती हवा घेतं त्याचं माप. ज्यांनी नियम केला त्यांच्या काळात सगळी इंजिनं पिस्टनची होती, आणि पिस्टनमध्ये पोट मोठं तर लोखंड जास्त, लोखंड जास्त तर वजन जास्त. तेव्हा सीसी विचारलं की वजन आपोआप कळायचं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पुढे कुणी वेगळ्या जातीचं इंजिन आणून ठेवेल हे त्यांना काय माहीत.

ते इंजिन गेल्या वर्षी आलं. रोटरी. खोक्यातून काढलं तेव्हा लांब्या म्हणाला, बाकीचं मागून येतंय का? दोन बादल्या एकावर एक ठेवल्या तर जेवढ्या होतील तेवढंच ते इंजिन. पंप आणि चौकट धरून कोरडं वजन छप्पन्न किलो. जुन्याच्या शेजारी ठेवलं तर जुन्याने निम्मी खोली अडवलेली आणि हे त्याच्या सावलीत मावत होतं. चालू केलं तर पाणी जुन्याइतकंच लांब फेकलं. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे आमचे स्टेशन अधिकारी. वाईट माणूस नाही, फक्त वरून आलेल्या कागदाला खाली पोचवता पोचवता त्याचाही कागद झालेला आहे.

पंप विकणाऱ्या कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं: क्षमता तीनशे वीस सीसी. वरच्या कार्यालयात ते वाचून आनंदीआनंद झाला. तीनशे वीस म्हणजे पाचशेच्या आत, म्हणजे दोन माणसांचा पंप. आमच्या तुकडीतली दोन माणसं मोकळी. कोणती दोन, हे विचारायची गरजच नव्हती. ड्रायव्हर लागतोच, म्हणजे मी राहणार. अंगात जोर असलेला लागतो, म्हणजे लांब्या. मिस्त्री आणि गाठ्या यांना सामानाच्या डेपोत पाठवायचं, आणि डेपो इथून गाडीने पाच तास. गाठ्याला फारसं काही वाटलं नाही, त्याची सासुरवाडी त्याच बाजूला. मिस्त्रींचं तसं नव्हतं. डेपोत राहायला मिळते ती आठजणांची एकच खोली, तिथे आजारी माणूस ठेवता येत नाही. ते गेले तर थोरल्या भावाला रोज कोण उचलणार? आश्रमात ठेवावं लागलं असतं. एक आश्रम त्यांनी चार वर्षांपूर्वी पाहून ठेवला होता आणि पाहून आल्यावर तीन दिवस जेवले नव्हते.

पण नियमात एक कलम असंही होतं की नवीन इंजिनाची क्षमता केंद्राच्या मिस्त्रीने स्वतः मोजून फॉर्मवर लिहायची. पत्रकावर जायचं नाही. म्हणजे निकाल मिस्त्रींच्याच हातात आला.

त्यांनी मोजायला पूर्ण आठवडा घेतला. मी ड्यूटी संपल्यावर थांबायचे, काही त्यांच्या मदतीला नाही, घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून. रोटरीत पिस्टन नसतो. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधे किंचित आवळलेल्या पेटीत फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या होतात, आणि रोटर फिरेल तशा त्या लहानमोठ्या होत राहतात. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून काचेच्या नळीने तेल ओतलं. खोली सगळ्यांत मोठी असताना किती मावतं, सगळ्यांत लहान असताना किती, आणि दोन्हींतला फरक. तीनदा मोजलं. तीनशे वीस.

"मग पत्रक बरोबरच आहे की," मी म्हटलं.

 त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. मी ठेवला. ते शाफ्ट हाताने हळूहळू फिरवायला लागले. शाफ्टवर खडूची रेघ होती, ती वर आली की एक फेरी. एका फेरीला अंगठ्याखाली एकदा फुस्स झालं. दुसऱ्या फेरीला पुन्हा फुस्स. तिसरीला पुन्हा. मग मला जुन्या पंपापाशी नेलं आणि एका पिस्टनच्या प्लगवर अंगठा ठेवायला लावला. पहिल्या फेरीला फुस्स. दुसरीला काहीच नाही. तिसरीला फुस्स. चौथीला काही नाही.

मी काही इंजिनवाली नाही, पण हे मलाही कळलं. जुन्यात तीनशे दहाचे दोन पिस्टन, आणि प्रत्येक जण दोन फेऱ्यांत एकदाच काम करतो. दोन फेऱ्यांत दोन फुस्स, सहाशे वीस. नव्यात तीनशे वीसची खोली दर फेरीला काम करते. दोन फेऱ्यांत दोन फुस्स, सहाशे चाळीस. म्हणजे हजेरीपटावर एकच माणूस, पण तो दोन पाळ्या करतो. हजेरी मोजायची की काम मोजायचं, एवढाच काय तो प्रश्न. लांब्याचं म्हणणं, खोल्या तीन आहेत तर नऊशे साठ लिहा, म्हणजे सहा माणसं तरी मिळतील. मिस्त्रींनी त्याला शांतपणे समजावलं की तिन्ही खोल्यांचं काम व्हायला शाफ्टच्या तीन फेऱ्या लागतात आणि जुन्याचा हिशेब दोन फेऱ्यांचा आहे. तुलना करायची तर दोघांना सारख्याच फेऱ्या द्यायला हव्यात. लांब्याला गंमत करायची होती, त्याची शाळा झाली.

त्याच आठवड्यात आम्ही पंप खरोखर वाहून पाहिला. मी आणि लांब्या, दोघंच; मिस्त्री खाली उभे राहून बघत होते. कोरडं वजन छप्पन्न, पण आग कोरड्या इंजिनाने विझत नाही. तेल, पेट्रोल, मागचा जाडजूड सायलेन्सर धरून काट्यावर एकाहत्तर भरलं. एकाहत्तरही उचललं. सरावाच्या मनोऱ्याचे सहा जिने चढलो. लांब्या पाण्याच्या तोटीवर, मी पंपावर. अडतिसाव्या मिनिटाला पंप खोकला आणि बंद पडला. वजन कमी ठेवायचं म्हणून टाकी लहान केलेली, आणि हे इंजिन पितं जुन्याच्या दीडपट. पेट्रोलचा डबा खाली. मी आणायला जाऊ तर पंपापाशी कुणी नाही. लांब्या जाईल तर तोटी कोण धरणार? तो मनोरा होता म्हणून आम्ही हसलो. खरंच आग असती तर अडतिसाव्या मिनिटानंतर काय, याचा विचार मी त्या रात्री अंथरुणात केला आणि मला झोप लागली नाही.

तेव्हा कुठूनही बघा, हा चार माणसांचा पंप होता. तीन म्हटलं तर मी भांडले नसते, पण नियमात तीन हा आकडाच नाही. सहाशे चाळीस लिहायचं आणि विषय संपवायचा. ज्या दिवशी फॉर्म गेला त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी विचारलंही नाही काय लिहिलं म्हणून. विचारण्यासारखं त्यात होतं काय?

पंधरा दिवसांनी हुकूम आला. दोन माणसं. मिस्त्री आणि गाठ्या, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून डेपोत. सोबत फॉर्मची नक्कल होती, आणि तिच्यावर त्यांच्याच गोल अक्षरात लिहिलेलं: मोजलेली क्षमता, तीनशे वीस.

मी तो कागद घेऊन दुरुस्तीच्या खोलीत गेले. ते एक वॉल्व्ह घासत बसले होते. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण तो धोंडा आधी मोजून, तोलून, मग पाडून घेणारा माणूस पहिल्यांदा पाहिला, एवढं म्हटल्याचं आठवतं. ते घासतच राहिले. वॉल्व्ह घासून झाला, पुसला, प्रकाशात धरून पाहिला. मग "घरी जायला हवं" म्हणून उठले. दादांची वेळ झाली होती.

मीही त्यांच्यामागे निघाले. ते नको म्हणाले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली, आणि मी तरी फक्त माझंच वजन वर नेत होते. आत खिडकीशी खुर्चीत दादा बसलेले. एका खांद्याकडे कललेले, दाढी मात्र गुळगुळीत. काकू आपली पिशवी घेऊन निघूनही गेल्या. मिस्त्रींनी हातपाय धुतले, कमरेचा पट्टा आवळला, भावाच्या काखेखालून हात घातले आणि त्यांना उचललं. त्या क्षणी दोघांचेही डोळे मिटलेले होते. पलंगावर ठेवल्यावर मिस्त्री भिंतीला हात टेकून थोडा वेळ तसेच उभे राहिले. हे ते दिवसातून दोनदा करत होते, चार वर्षं, आणि मी रोज शेजारी बसून त्यांना विचारत होते, काय मिस्त्री, आज पण दमलात?

हुकमाचं त्यांनी घरी सांगितलेलंच नव्हतं. मी सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, तेव्हा वाटलं नाही. दादांचं बोलणं हळू येतं, एकेक शब्द पायरी चढल्यासारखा, पण डोकं शाबूत आहे. लेथवर आयुष्य काढलेला माणूस. दोन फेऱ्या, दोन फुस्स आणि मनोऱ्यावर संपलेलं पेट्रोल, सगळं त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं. त्यांनी भावाकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं, सहाशे चाळीस आहे ते?"

"होतं," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

मिस्त्रींनी कमरेचा पट्टा सैल केला. मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. म्हणाले, सहाशे चाळीस लिहायला तीनदा पेन उचललं. दर वेळी वाटायचं की हे आपण इंजिनासाठी नाही, स्वतःसाठी लिहितो आहोत. इथे राहायला मिळावं म्हणून सोयीचा हिशेब शोधला आहे. तो खरा होता, पण सोयीचाही होता, आणि त्यात खरा किती आणि सोयीचा किती हे वेगळं करता येईना. तीनशे वीस लिहिताना तसं काही वाटलं नाही. त्यात आपलं नुकसानच होतं, तेव्हा त्यात आपली लबाडी नाही एवढी खात्री होती.

माझा संताप कुठे गेला कळलं नाही. हा माणूस चुकला कसा ते मला दिसलं. आयुष्यभर त्यांनी एकच काटा वापरला होता: ज्यात आपल्याला त्रास होतो ते बरोबर. बहुतेक वेळा तो काटा चाललाही असेल. पण तो काही काटा नव्हे, ती नुसती सवय.

दादांनी डावा हात उचलून भावाला जवळ बोलावलं.

"बाळ," ते म्हणाले. पंचावन्न वर्षांच्या माणसाला ते अजून बाळ म्हणतात. "त्या इंजिनाला काय माहीत, तुझा भाऊ आजारी आहे ते? ते पितं तेवढंच पितं."

मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले. दादा दम घेऊन पुढे म्हणाले, माझं राहू दे, मी आश्रमात राहीन, तिथेही माणसंच राहतात. पण ही पोरगी आणि तो लांब्या सहाव्या मजल्यावर पेट्रोल संपून उभे राहिले तर ते कुणाच्या नावावर? हे बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मधे त्यांच्या तोंडाच्या कडेला आलेली लाळ मिस्त्रींनी पुसली. मला वाटतं तोपर्यंत मिस्त्रींनी तो विचारच केला नव्हता. स्वतःचा फायदा कुठे लपलाय हे शोधण्यात ते इतके गुंतले होते की आम्ही दोघं मनोऱ्यावर पंप बंद पडून उभे होतो, हे त्यांनी स्वतः खाली उभं राहून पाहिलेलं, तेच विसरले.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि मला म्हणाले, तुम्हीही चला, पंप तुम्ही चालवला होता. मी मनोऱ्यावरचं सांगितलं. त्यांनी दोन्ही इंजिनांची मापं सांगितली, कोरडं वजन, भरलेलं वजन, आकार, पेट्रोल, आणि फेऱ्यांचा हिशेब. सगळं ऐकून साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"खरा आकडा कुठला, तेवढं सांगा," ते म्हणाले.

"तुकडी ठरवायची तर सहाशे चाळीस," मिस्त्री म्हणाले.

साहेब काही मूर्ख नाहीत. त्यांनी विचार केला आणि वाट काढून दिली. म्हणाले, हुकूम बदलता येतो. असं लिहा की कंपनीच्या पत्रकात मोजायची पद्धत स्पष्ट नव्हती, त्यामुळे आकड्यात गैरसमज झाला. कुणावर काही येत नाही. माझी सही, तुमची सही, संपलं. दुसरी वाट म्हणजे मिस्त्रीने चूक कबूल करायची, पण मग ती सेवापुस्तकात लाल शाईने चढणार. आणि एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकाला निवृत्तीच्या वेळी जे पदक मिळतं, ते मिळणार नाही. तिसरी वाट नाही. हे सगळं साहेब चांगल्या मनाने सांगत होते. मी टेबलाखालून मिस्त्रींच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"पत्रकात एका खोलीचं माप असं स्पष्ट होतं, साहेब," ते म्हणाले. "मलाही स्पष्ट होतं. चूक मी केली."

आणि तिथेच बसून त्यांनी लिहून दिलं, त्याच गोल अक्षरात, दुसऱ्या कुणाचाही उल्लेख न करता. साहेबांनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना? मग ड्रॉवर उघडून लाल पेन शोधलं. ते सापडायला वेळ लागला, कारण आमच्या स्टेशनात ते फारसं लागत नाही.

हुकूम रद्द होऊन आला. चार माणसं, जशीच्या तशी. गाठ्या जरासा हिरमुसला, लांब्याने सगळ्यांना चहा पाजला. मी गाडीवर पाणी मारत होते तेव्हा मिस्त्री दुरुस्तीच्या खोलीतून बाहेर आले आणि पायरीवर बसले. सेवापुस्तकात तो शेरा कसा दिसतो ते पाहायला त्यांना कार्यालयात बोलावलं होतं, वाचल्याची सही करायला. मी विचारलं, सोपी वाट होती, कुणाचंही नुकसान नव्हतं, ती का नाही घेतलीत? एकदा तरी काही फुकट घ्यायचं होतंत.

ते पायरीवर मागे रेलले. मी सतरा वर्षांत त्यांना असं रेललेलं पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं, आणि तेच मला बघवेना.

"आता कसं बरोबर झालं," ते म्हणाले. "दादाही इथे राहिला, आणि मला काही मिळालंही नाही."

मला त्यांच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. मी नळ तसाच चालू ठेवून त्यांच्याकडे पाठ केली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी मोजलं असतं. मग ते उठले, कंबर धरून, आणि घरी गेले. दादांची वेळ झाली होती.